पतंग कोणी चिकटवला

मिस्टर बँक्सना मिशी कशाला?

ट्रॅव्हर्सबाई हे विचारतात आणि खोलीतली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. साल १९६१. कॅलिफोर्नियात बरबँकला डिस्नेंचा स्टुडिओ आहे, तिथली एक खोली. एका बाजूला पियानो, भिंतीवर ओळीनं टाचलेली चित्रं. बाई लंडनहून आल्यात त्या आपल्या पुस्तकाचं इथे काय होणार ते बघायला. मिस्टर बँक्स हे त्या पुस्तकातले गृहस्थ, मुलांचे वडील, बँकेत नोकरीला. चित्रकारानं त्यांना मिशी काढलीय आणि बाईंचं म्हणणं, माझ्या बँक्सना मिशी नाही. त्यांना सांगण्यात येतं की मिशी खुद्द वॉल्ट डिस्नेंना हवी आहे. त्या क्षणी ट्रॅव्हर्सबाई झालेल्या एमा थॉम्पसनच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघून मी रिमोट उचलला आणि सिनेमा थांबवला.

"काय झालं गं?" लेकीनं विचारलं.

"काही नाही. लाव पुढे."

संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही दोघी घरी 'सेव्हिंग मिस्टर बँक्स' बघत होतो. २०१३ सालचा हा सिनेमा, दिग्दर्शक जॉन ली हॅनकॉक. 'मेरी पॉपिन्स' हा १९६४ सालचा मुलांचा गाजलेला चित्रपट कसा जमला त्याची ही गोष्ट आहे. एका बाजूला टॉम हँक्सचे वॉल्ट डिस्ने. त्यांनी म्हणे आपल्या मुलींना शब्द दिलाय की तुमच्या आवडत्या पुस्तकाचा मी सिनेमा करीन, आणि त्या शब्दाला वीस वर्षं झालीत. दुसऱ्या बाजूला पी. एल. ट्रॅव्हर्स, पुस्तकाच्या लेखिका, वय साठीच्या पुढे. त्या सगळ्याला नाही म्हणतात. गाणी नकोत, कार्टून नकोत, लाल रंगसुद्धा नको. बघताना आधी हसू येतं. मग हळूहळू कळायला लागतं की ही बाई हट्टी नाही, ही राखण करत बसलीय.

मूळ 'मेरी पॉपिन्स' मी लहानपणी बघितलाच नाही. येवल्यात कुठून येणार? तिशी उलटल्यावर पुण्यात लेकीसाठी लायब्ररीतून डीव्हीडी आणली, तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्यामुळे माझं जरा वेगळं झालं असावं. ज्यांनी तो लहानपणी बघितला त्यांना छत्री घेऊन आभाळातून उतरणारी दाई आठवते, पेंग्विन आठवतात, धुराड्यांवर नाचणारे झाडूवाले आठवतात. मी बघितला तो आईच्या वयात, आणि माझे डोळे सगळा वेळ वडिलांवर. सकाळी ठरलेल्या मिनिटाला बाहेर पडणारे, संध्याकाळी ठरलेल्या मिनिटाला परतणारे, मुलांशी बोलतानाही ताळेबंद वाचल्यासारखे बोलणारे जॉर्ज बँक्स. शेवटी बँकेतली नोकरी जाते आणि हा माणूस घरी येऊन फाटलेला पतंग दुरुस्त करतो, मुलांना घेऊन उडवायला निघतो. तिथे मला जे रडू आलं ते माझ्या पाच वर्षांच्या मुलीला समजावून सांगता आलं नाही.

माझे वडील बँकेत कॅशियर होते.

त्यांच्याविषयी पुढे लिहीन. आधी त्या खोलीत परत जायला हवं, कारण या सिनेमातला सगळ्यात सुंदर भाग त्या खोलीत घडतो. शर्मन बंधू, रिचर्ड आणि रॉबर्ट, पियानोवर नवीकोरी गाणी वाजवून दाखवतात आणि समोर बसलेली लेखिका एकेक शब्द अडवते. रॉबर्ट काठी टेकत चालतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत त्यांच्या गुडघ्याला गोळी लागली होती, खरोखरची. अशा माणसानं मुलांसाठी इतकी हलकी, उडती गाणी लिहिली हे माझ्या मनातून जात नाही.

चमचाभर साखरेचं गाणं कसं सुचलं, ती गोष्ट या सिनेमात नाही, पण मला फार आवडते. रॉबर्ट घरी आले तेव्हा त्यांच्या मुलाला शाळेत पोलिओचा डोस देऊन आणला होता. दुखलं का रे, असं त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, छे, साखरेच्या खड्यावर औषधाचा थेंब टाकला आणि खायला दिला. दुसऱ्या दिवशी गाणं तयार होतं. हे वाचलं तेव्हा मला पल्स पोलिओचे रविवार आठवले. लेकीला कडेवर घेऊन बूथवर रांगेत उभं राहायचं, दोन थेंब, आणि मग करंगळीच्या नखावर शाईची खूण. साखरेचा खडा नव्हता, पण ताई थेंब टाकताना "आऽ कर बाळा" असं गाण्यासारखंच म्हणायच्या. कडू गोष्ट लेकराच्या गळ्याखाली कशी उतरवायची, हा प्रश्न बरबँकला काय आणि आमच्या वाड्यातल्या अंगणवाडीत काय, एकच.

पाखरांना दाणे विकणाऱ्या म्हातारीचं गाणं त्याच खोलीतलं. सेंट पॉलच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून ती दोन पेन्यांना पुडी विकते. ही म्हातारी ट्रॅव्हर्सबाईंच्या पुस्तकातही आहे, १९३४ सालच्या पहिल्या पुस्तकात तिच्यावर एक आख्खं प्रकरण आहे. डिस्नेंचं हे सगळ्यात लाडकं गाणं. शुक्रवारी संध्याकाळी काम आटोपलं की शर्मन बंधूंना ते बोलवून घ्यायचे आणि हेच वाजवायला सांगायचे. 'मेरी पॉपिन्स'मध्ये म्हातारीचं काम केलं ते जेन डार्वेल यांनी. वय ऐंशीच्या पुढे, ऑस्कर कधीच मिळवून झालेलं, निवृत्त होऊन स्वस्थ बसलेल्या. डिस्नेंनी त्यांना मुद्दाम बोलावून आणलं. त्यांचा तो शेवटचा सिनेमा. त्या फक्त बसतात, दाणे पुढे करतात, आणि हसतात. पुन्हा बघाल तेव्हा तिथे थोडं थांबा.

आणि ते लंडन! सगळं लंडन बरबँकच्या स्टुडिओत उभं केलेलं आहे. नटांना पिवळ्या सोडियमच्या दिव्यांनी उजळलेल्या पडद्यापुढे उभं करायचं आणि कॅमेऱ्यातल्या लोलकानं तो एवढाच पिवळा वेगळा काढायचा, म्हणजे माणूस एका फिल्मवर आणि त्याचा आकार दुसरीवर. पेट्रो व्ह्लाहोस या तंत्रज्ञाची ही करामत. मेरी पॉपिन्स झालेल्या ज्युली अँड्र्यूजच्या टोपीवरची विरविरीत जाळीसुद्धा कार्टूनच्या हिरवळीवर जशीच्या तशी दिसते. आज संगणकावर करायलाही घाम फुटेल. ज्युली अँड्र्यूजचा हा पहिला सिनेमा. ती गरोदर होती, तर बाळंत होईपर्यंत आम्ही थांबू, असं डिस्ने म्हणाले आणि थांबले. तेरा नामांकनं, पाच ऑस्कर, त्यातलं एक तिचं. मुलांसाठी करायचं म्हणजे पाट्या टाकायच्या, असं त्या लोकांनी मानलं नाही. आपल्याकडे बालचित्रपट म्हटलं की लोक जो स्वर लावतात तो ऐकला की मला हे सगळं सांगावंसं वाटतं.

पण 'सेव्हिंग मिस्टर बँक्स'चा जीव या खोलीत नाही. तो आहे ऑस्ट्रेलियात.

मेरी पॉपिन्स इतकी इंग्रजी, की तिची लेखिका चहाच्या कपातच जन्मली असावी असं वाटतं. ती जन्मली क्वीन्सलंडमधल्या मेरीबरो गावात, १८९९ साली, एका बँकेच्या इमारतीत. नाव हेलन लिंडन गॉफ. वडील बँकेत मॅनेजर. पुढे त्यांना खाली उतरवून कारकून केलं गेलं आणि घर अलोरा नावाच्या लहानशा गावात गेलं. वडील दारू प्यायचे. १९०७ साली ते वारले तेव्हा ही सात वर्षांची होती. वडिलांचं पूर्ण नाव ट्रॅव्हर्स रॉबर्ट गॉफ. मोठी होऊन ती नाटकात गेली, इंग्लंडला गेली आणि वडिलांचं पहिलं नाव तिनं आडनाव म्हणून लावलं.

इथे मी जरा थबकले. आपल्याकडे हे मागून घ्यावं लागत नाही. जन्मल्या दिवसापासून वडिलांचं नाव आपल्या नावाला चिकटलेलं असतं, शाळेच्या दाखल्यावर, मार्कशीटवर, सगळीकडे. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते निघतं. माझंही निघालं. बँकेचं पासबुक बदलून आणायला अण्णाच गेले होते, आणि नवीन पासबुक माझ्या हातात देताना त्यांनी नाव नीट लिहिलंय ना ते तपासून घे म्हणून सांगितलं. मी तपासलं. त्यात ते नव्हते. ट्रॅव्हर्सबाईंनी नव्वदी ओलांडेपर्यंत ते नाव सोडलं नाही.

कॉलिन फॅरेलनं केलेले वडील विसरता येत नाहीत. घोड्यावर बसवणारा, परीकथा सांगणारा, त्या घोड्याला शापित नातेवाईक समजणारा बाप. आणि तोच गावच्या जत्रेत बक्षीस द्यायला व्यासपीठावर चढतो आणि झिंगून सगळ्यांसमोर पडतो. सिनेमातली छोटी त्याला जपते आणि तीच लपवलेली बाटली शोधून त्याच्या हातात देते. ती कविता करून दाखवायला आणते, तर तो अंथरुणातून म्हणतो की ही काही येट्सएवढी नाही. शेवटी ती त्याच्यासाठी नासपती आणायला जाते, परत येते तोवर तो गेलेला असतो. म्हणून साठीतली बाई हॉटेलच्या खोलीत स्वागताला ठेवलेल्या टोपलीतली नासपती उचलून खिडकीतून बाहेर फेकते. आपण सुरुवातीला त्याला हसलेलो असतो.

खऱ्या आयुष्यातली एक रात्र सिनेमात आहे, पण जागा आणि वेळ हलवून. वडील गेल्यानंतर दोनतीन वर्षांनी, न्यू साउथ वेल्समधल्या बाउरल गावात, आई एका वादळी रात्री ओढ्यात जीव देते म्हणून घराबाहेर पडली. घरात तीन मुली. थोरली दहाएक वर्षांची. तिनं दोघी बहिणींना शेकोटीपाशी बसवलं, एक रजई सगळ्यांच्या अंगावर ओढली आणि जादूच्या पांढऱ्या घोड्याची गोष्ट सांगायला लागली. आई येईपर्यंत ती सांगत राहिली. आई भिजून परत आली. सिनेमात ही रात्र वडील हयात असतानाची दाखवलीय आणि मुलगी खऱ्या पांढऱ्या घोड्यावर बसून नदीवर जाते. दृश्य म्हणून ते भारी आहे. पण मला ती शेकोटी हवी होती. कानात प्राण आणून दाराची चाहूल घ्यायची आणि तोंडानं गोष्ट चालू ठेवायची. ती लेखिका झाली ती त्या रात्री, असं मला वाटतं, आणि ते एवढं सरळ दाखवायला घोडा लागत नव्हता.

मिस्टर बँक्सना मिशी का नको, हे आता कळतं. बँक्स म्हणजे तिचे वडील. पुस्तकात तिनं त्यांना घर दिलं, चेरीच्या झाडांची गल्ली दिली, टिकून राहणारी बँकेतली नोकरी दिली. दारू काढून टाकली. सिनेमात एका प्रसंगी बँक्स मुलांनी दाईसाठी लिहिलेली जाहिरात टराटरा फाडतात असं तिला वाचून दाखवतात, आणि ती कळवळून उठते, की तुम्ही त्यांना इतकं निष्ठुर का करताय. मग ही मंडळी शेवट बदलतात, फाटलेला पतंग वडिलांच्या हातून चिकटवतात, पतंगाचं गाणं म्हणतात, आणि ती बाई पहिल्यांदा पावलं टाकत नाचायला लागते. (शर्मन बंधूंचे वडील अल शर्मनही गाणी लिहायचे आणि मुलांसाठी पतंग करायचे. त्या गाण्यात तेही आहेत.)

आता जे मला खुपलं ते सांगते.

हा डिस्नेंविषयीचा सिनेमा डिस्ने कंपनीनं काढलाय, आणि त्यात डिस्ने जिंकतात. पडद्यावर ते बाईंच्या मागे लंडनला जातात, कॅन्सस सिटीतल्या बर्फात वडिलांसाठी पेपर टाकत फिरल्याची आठवण सांगतात, त्यांचं मन वळवतात. पेपर टाकल्याचं खरं आहे, लंडनचं खरं नाही. त्या दिवसांत ते बराचसा वेळ स्टुडिओतही नव्हते, पाम स्प्रिंग्सला गेले होते, आणि बाईंना तोंड देत बसले होते शर्मन बंधू आणि पटकथाकार डॉन डाग्राडी. २७ ऑगस्ट १९६४ ला हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात पहिला खेळ झाला. लेखिकेला बोलावणं नव्हतं. त्यांनी ते मागून घेतलं. त्या आल्या, अंधारात बसल्या आणि रडल्या. एवढं दोन्हीकडे सारखं आहे.

सिनेमात त्या रडतात त्या मोकळ्या होऊन, वडिलांना कोणीतरी वाचवलं म्हणून. खऱ्या ट्रॅव्हर्सबाई रडल्या त्या आपलं काहीतरी हातचं गेलं म्हणून. खेळ संपल्यावर त्यांनी डिस्नेंना गाठलं आणि कार्टूनचा भाग काढायला हवा म्हणाल्या. डिस्नेंनी सांगितलं की आता ते जहाज सुटलं. रिचर्ड शर्मन ही आठवण सांगायचे. पुढे तीस वर्षांनी रंगमंचासाठी हक्क मागायला नाट्यनिर्माते कॅमेरून मॅकिन्टॉश त्यांच्याकडे गेले, तेव्हा नव्वदी पार केलेल्या बाईंची अट होती की लिहिणारे इंग्रज हवेत आणि त्या सिनेमातलं कोणीही नको. तीस वर्षांत त्यांनी काही माफ केलं नव्हतं. त्यांनी आयर्लंडमधून एक मूल दत्तक घेतलं होतं, जुळ्यांपैकी एक, आणि त्याला ते बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. त्याचं नावसुद्धा सिनेमात नाही. त्यांच्या मेरी पॉपिन्सला गोड बोलता येत नाही, ती फणकारते, आरशात बघते, केलेली जादू केलीच नाही म्हणते. या बाईंचा स्वभाव असाच असेल तर असू दे ना तसाच. त्यांना नीट करून, शांत करून, हसवून घरी पाठवायची कोणाला घाई झाली होती?

लेक म्हणाली, "पण आई, बाईंनी पण वडिलांना बदललंच होतं की. दारू काढलीच ना पुस्तकातून?"

मी गप्प बसले. तिला माहीत नव्हतं, पण तिनं नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

साने गुरुजी आठवले मला. नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. १९५० साली ते गेले आणि अत्र्यांचा चित्रपट आला १९५३ ला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आमच्या दोन पिढ्या त्यावर रडल्या. पण गुरुजी अंधारात बसून तो बघत असते तर? वनमालाबाईंच्या चेहऱ्यात त्यांना आपली आई दिसली असती, की "अहो, ती अशी नव्हती" म्हणाले असते? असं म्हणायला माणूस समोर असावा लागतो.

माझ्यासमोर होता.

अण्णा येवल्यात एका बँकेत कॅशियर होते. जाळीमागे बसायचे. डाव्या हाताला काचेच्या वाटीत ओला स्पंज. नोटा मोजताना उजव्या अंगठ्याच्या बाजूच्या बोटाचं टोक स्पंजला एकदा लागायचं, आणि मग गड्डी संपेपर्यंत एक सलग आवाज. आजही कुणी भराभर नोटा मोजल्या की मला ते बोट दिसतं. टोक पांढरं पडलेलं, कायम थोडं सुरकुतलेलं, रविवारीसुद्धा. घरी ते बोलायचे नाहीत. जेवायचे, रेडिओवर बातम्या ऐकायचे, पिशवीत डबा ठेवायचे. रागवायचेही नाहीत, आणि तेच जास्त जड जायचं.

येवल्याची संक्रांत तीन दिवसांची. भोगी, संक्रांत, कर. गाव गच्चीवर असतं. चक्रीला आमच्याकडे आसारी म्हणतात, आणि ती दोन्ही हातांनी फिरवताना जो वारा अंगात भरतो तो मला नंतर कुठे मिळाला नाही. मी अकरा वर्षांची असताना माझा एक मोठा तांबडा पतंग कन्नीपाशी फाटला, आणि तो भाताची शितं लावून चिकटवला गेला. फाटलेल्या जागी वहीचा रेघांचा कागद. उडाला तो. दिवसभर उडाला.

वीस वर्षांनी मी एका लहानशा दिवाळी अंकात अण्णांवर लेख लिहिला. माझा पहिला छापून आलेला लेख. त्यात अण्णा गच्चीवर आहेत. मांजा सुतवतायत, हसतायत, माझ्या पतंगाला शितं लावून कागद चिकटवतायत. नोटा मोजणारं ते बोट शितं दाबून पसरवतंय, असं एक वाक्य होतं. ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की तेवढ्यासाठी मी बाकीचा लेख लिहिला असेन. लोकांची पत्रं आली. मावशीनं फोन केला. मी अंक अण्णांना पाठवला.

आठ दिवसांनी गेले तर अंक टेबलावर. माझं पान उघडं. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा, बँकेत व्हाउचरवर करायचे तशा. मी विचारलं, "कसा वाटला?"

"छान लिहिलंयस," अण्णा म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. "पण हा माणूस कोण?"

मला राग आला. किती प्रेमानं लिहिलं होतं मी! त्यांना हसतं केलं, मोकळं केलं, जे त्यांना जमलं नव्हतं ते सगळं त्यांच्या हातून करवून घेतलं. अंक पिशवीत टाकला आणि समासातलं काही न वाचता निघाले. ते २००९ साली गेले. अंक माळ्यावर गेला.

त्या रात्री सिनेमाची श्रेयनामावली सुरू झाली तशी लेक उठायला लागली. मी तिला हातानं बसवलं. नावं सरकत होती आणि मधे एक टेपरेकॉर्डर दिसत होता, फिरणाऱ्या चकत्यांचा. १९६१ च्या त्या बैठका टेप करून ठेवायला बाईंनी लावल्या होत्या आणि त्या टेपा शिल्लक आहेत. एमा थॉम्पसन गेली आणि खऱ्या ट्रॅव्हर्सबाई बोलायला लागल्या. आवाज तुटक, घाईचा, जरा चिरका. पटकथा वाचता वाचता थांबवतायत, दुरुस्त करतायत, नाही नाही म्हणतायत, पुन्हा तोच शब्द असाच हवा म्हणून सांगतायत. दोन तास ज्यांनी त्यांना गोड करून दाखवलं त्यांनीच शेवटी हा आवाज ठेवला. त्यासाठी मी त्या लोकांचं बरंच काही सोडून दिलं. रिचर्ड शर्मन हा सिनेमा होताना हयात होते, सल्लागार होते. त्या खोलीत जे भोगलं ते त्यांना ठाऊक होतं, आणि तरी तो आवाज आहे.

लेक झोपल्यावर मी स्टूल घेऊन माळा उघडला. अंक सापडायला अर्धा तास लागला. पान पिवळं पडलंय, पेन्सिल मात्र जशीच्या तशी. अण्णांचं अक्षर, आकडे लिहून लिहून सरळ झालेलं. पहिली खूण "मांजा" या शब्दाखाली: मी कधी सुतवला नाही. काचेची भीती वाटे. दुसरी, जिथे मी त्यांना गाणं गुणगुणायला लावलं होतं तिथे: नुसतं प्रश्नचिन्ह. तिसरी माझ्या त्या लाडक्या वाक्यापाशी. तिथे चार ओळी आहेत, समास पुरला नाही म्हणून पानाच्या तळाशी वळलेल्या.

पतंग मी चिकटवला नाही. तुझ्या आईनं चिकटवला. त्या दिवशी कॅश पाचशेनं कमी भरली होती, रात्री नऊपर्यंत जुळवत बसलो. घरी आलो तेव्हा तू पतंग उशाशी घेऊन झोपली होतीस. कागद माझ्याच वहीचा होता, एवढं बरोबर.